आपल्यातला वसुलीवाला

रविवारी सकाळी साडेदहाला मटण गॅसवर चढलं, तेव्हाच स्नेहलच्या लक्षात आलं की आज काही धड ठरणार नाही. चौगल्यांच्या घरात कुठलीही मोठी गोष्ट ठरवायची तर आधी जेवण ठरतं. मग जेवण इतकं होतं की ठरवायची गोष्ट ढेकरासरशी विसरली जाते. स्नेहलचे सासरे कृष्णातआण्णा, त्यांच्या लेकीचं, क्रांतीचं लग्न असंच ठरलं होतं आणि गावाकडच्या विहिरीची वाटणी अशीच ठरायची राहिली होती. आज वसुलीवाला निवडायचा होता.

खाली पशुखाद्याचं दुकान आणि वर घर, असा चौगल्यांचा कसबा बावड्यातला संसार. दुकानाच्या पेंडीवर पंचक्रोशीतल्या म्हशी दूध देत होत्या आणि म्हशींचे मालक ‘दुधाचं बिल झालं की देतो’ म्हणत होते. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी होतं, म्हणजे वर्षातून छत्तीस वेळा. छत्तीस वेळा मालक तेच सांगायचे आणि छत्तीस वेळा आण्णा म्हणायचे, “दे की सवडीनं, कुटं पळून चाललायस व्हय.” अशानं त्रेचाळीस माणसांकडं तेवीस लाख चाळीस हजार रुपये सवडीनं यायचे राहिले होते.

दोन वर्षांपूर्वी बिलं थकली म्हणून पेंड पाठवणाऱ्या कंपनीनं माल तोडला. तेव्हा आण्णांनी सुनेकडं नुसतं बघितलं. स्नेहलनं कपाट उघडलं. अकरा तोळे. शाहूवाडीच्या डोंगरात तिच्या आईनं भाताची खंडी-खंडी विकून एकेक करत केलेल्या चार पाटल्या, एक हार, एक मोहनमाळ. आई लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली. सोनं बँकेत गेलं, पाच लाख आले, माल सुरू झाला. व्याज भरायचं आण्णांनी कबूल केलं होतं आणि पहिले चार महिने भरलंही. आता बँकेचं पत्र स्नेहलच्या नावानं आलं होतं: येत्या तीस तारखेपर्यंत पाच लाख ऐंशी हजार भरा, नाहीतर दागिन्यांचा लिलाव होईल. त्याच्यानंतर पंधरा दिवसांनी तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. आईचे दागिने अंगावर घालून तिला त्या मांडवात उभं राहायचं होतं, बाकी जगात तिला सध्या काही नको होतं.

म्हणूनच धंदेवाईक वसुलीवाला बोलवायची कल्पना तिनंच काढली होती. आण्णांच्यानं पैसे मागणं होत नाही हे तिला कळून चुकलं होतं. मागायला म्हणून ते जायचे आणि चहा पिऊन, वर दोन पोती उधार सोडून यायचे. ज्याला मागायची लाज नाही असा माणूस पैसे देऊन आणावा, एवढं साधं तिचं म्हणणं होतं. घरानं ते मान्य केलं आणि लगेच त्याला आपली एक अट जोडली, ती आक्कांनी घातली. माणूस आपल्यातला पाहिजे.

आक्का म्हणजे आण्णांच्या थोरल्या बहीण. विधवा होऊन माहेरी आल्या त्याला चाळीस वर्षं झाली, आणि आण्णांची बायको वारल्यापासून घर त्यांच्याच हुकमानं चालतं. चार तालुक्यांतली कुठली पोरगी कुठं दिली हे त्यांना तोंडपाठ. परक्या माणसाला घरच्या उधाऱ्या दाखवायच्या म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. स्नेहलचा नवरा आदर्श पुण्याला कंपनीत. तो व्हिडिओ कॉलवर हजर होता. त्याचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. त्यानंही मान हलवली, निदान हलवल्यासारखी दिसली, कारण तेवढ्यात चित्र अडकलं.

पहिला माणूस गणपतकाकांनी आणला. गणपतराव म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ, साखर कारखान्यातून निवृत्त. सोसायटीच्या निवडणुकीत अकरा मतांनी पडले, त्याला बारा वर्षं झाली तरी अजून लग्नपत्रिकेत ‘माजी उमेदवार’ असं छापून घेतात. त्यांनी आणलेला पृथ्वीराज वसुलीची एजन्सी चालवत होता. काळा टी-शर्ट, मनगटात कडं, आणि खाली जीपमध्ये दोन पैलवान बसवून ठेवलेले. त्यानं आपली पद्धत सांगितली. आधी फोन, मग भेट, मग समज. समज म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही, नुसत्या मुठी गुडघ्यावर ठेवल्या. आण्णा जरा मागं सरकून बसले आणि गणपतकाका खूश झाले.

“बाळा, गाव कंचं तुजं?” आक्कांनी विचारलं.

पृथ्वीराज म्हणाला, मुरगूडच्या अलीकडचं. आई कुठली? बिद्रीची. बिद्रीत कुणाची? चौथ्या प्रश्नाला निघालं की त्याची आई ही पिराजीरावांची चुलतबहीण, आणि सहाव्या प्रश्नाला पृथ्वीराजनं उठून कडं वर सरकवलं आणि आक्कांच्या पाया पडला.

आता हे पिराजीराव कोण, तर क्रांतीचे सासरे. बिद्रीला त्यांचा तीस म्हशींचा गोठा, आणि त्रेचाळीस नावांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं. सहा लाख दहा हजार. एवढे एकट्याचे पैसे आले असते तरी स्नेहलचं सोनं सुटून वर मिठाईला उरले असते.

“मामांकडं काय आपण जाणार न्हाय,” पृथ्वीराजनं सांगून टाकलं. “बाकी कुनाचंबी सांगा, दोन दिवसांत उचलून आणतो.”

बाकीची यादी त्याच्यापुढं ठेवली. त्यात त्याचे दोन मावसभाऊ निघाले, एक आखाड्यातला वस्ताद निघाला आणि ज्याच्या गाळ्यात एजन्सीचं ऑफिस आहे तो मालक निघाला. पृथ्वीराज यादी खालपासून वर वाचू लागला तरी फरक पडेना. शेवटी आक्का म्हणाल्या की आता आला आहेस तर जेवून जा, आणि खालच्या दोघांना पण बोलव, उपाशी बसवलंस का त्यांना. दोघे पैलवान वर आले. पांढऱ्या रश्श्याची दोन पातेली त्या दोघांनीच संपवली, आणि ताटावरून उठताना आण्णांना वाकून नमस्कार केला. एवढीच त्या एजन्सीची वसुली.

दुसरे उमेदवार ज्ञानूतात्या. कुठल्याशा पतसंस्थेत तीस वर्षं वसुली अधिकारी होते. ती पतसंस्था पुढं बुडाली हे कुणी काढलं नाही. तात्या गल्लीतलेच, सगळ्यांच्या ओळखीचे, गोड बोलणारे. त्यांचं म्हणणं असं की मारामारीनं पैसे येत नाहीत, माणसाच्या दारात जाऊन बसावं लागतं, त्याच्या पोराबाळांची चौकशी करावी लागते, मग त्याला आपोआप आठवण होते. आण्णांना हे फार पटलं. त्यांचीही पद्धत हीच होती, फक्त आठवण कुणाला झाली नव्हती. आक्कांनी तात्यांच्या पानात नळी वाढली आणि जवळजवळ सगळं ठरलंच.

स्नेहल मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. नाव यादीत वाचल्यासारखं वाटलं म्हणून तिनं ते टाकून बघितलं, आणि बघितल्यावर तिच्यानं गप्प बसवेना.

“तात्या, तुमच्या नावावर अठरा हजार चारशे आहेत. दोन दिवाळ्या झाल्या.”

बैठक गार पडली. तांब्याला टेकलेला आदर्शसुद्धा गार पडला, या वेळी नेटवर्क चांगलं असून. तात्या मात्र शांतपणे नळी फोडत राहिले.

“व्हय की,” ते म्हणाले. “म्हणून तर उधारीवाल्याच्या मनात काय चालतं ते मला बरोबर कळतंय.”

राग तात्यांवर निघायला हवा होता, निघाला स्नेहलवर. पानावर बसलेल्या माणसाला पैशाचं बोलायचं नसतं हे एवढ्या शिकलेल्या पोरीला कळू नये, असं आक्का स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला सांगत राहिल्या, पण भिंतीपेक्षा मोठ्यानं. स्नेहलला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. ज्याच्याकडं पैसे थकलेत तो मजेत जेवतोय आणि जिचं सोनं चाललंय तिनं पानावर पैशाचं काढलं म्हणून बोलणी खायची, हे काय चाललं आहे, असं तिला वाटलं. तिनं निमूटपणे भात आणला आणि तात्यांना वाढला.

तिसरी आली ती वकील सुष्मिता हेब्बाळे. स्नेहलच्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं नाव सुचवलं होतं. बाई तिशीच्या, गडहिंग्लजकडच्या, आणि मुद्दाम तीन वाजता, जेवणं झाल्यावर आल्या. पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या. हे पहिलंच आक्कांना खटकलं. मग गाव विचारून झालं, आई संकेश्वरची निघाली, आजोळ पार बेळगावच्या पलीकडं निघालं. आक्का दोन्ही हातांनी नात्याचा दोरा ओढत राहिल्या, पण दुसऱ्या टोकाला कुणी सापडेना. त्यांना घाम आला.

“हिचं कुनीच न्हाय की हितं,” त्या आण्णांच्या कानात म्हणाल्या.

“म्हणूनच बोलावलंय, आक्का,” स्नेहल म्हणाली.

सुष्मिताबाईंनी हिशोबाच्या वह्या मागितल्या. पाच वह्या होत्या, सगळ्या आण्णांच्या अक्षरात. बाई एकेक पान उलटत गेल्या आणि मधूनमधून काही विचारत गेल्या. माल नेला त्याची सही कुठं आहे? आण्णा म्हणाले, सही कशाला, माणसं आपलीच आहेत. शेवटचा पैसा कधी दिला त्याची नोंद? ती आण्णांच्या डोक्यात होती. बाईंनी समजावून सांगितलं की तीन वर्षं उलटली आणि मधे काही लेखी नसलं की कोर्टात अशा पैशाला कोण विचारत नाही, तेव्हा नोटिसा लवकर गेल्या पाहिजेत. गणपतकाका म्हणाले, म्हणजे माणसाच्या शब्दाला किंमतच नाही का? बाई म्हणाल्या, “आहे, तेवीस लाख चाळीस हजार.” आणि पुढचं पान उलटलं.

चौथ्या वहीत त्या थांबल्या. “या पाच वह्यांत सही असलेली नोंद एकच आहे,” त्या म्हणाल्या. “पण ही उधारी नाही. उलट इथं दुकानानं कुणाचंतरी घेतलेलं दिसतंय. ‘सौ. स्नेहल हिचे सोने अकरा तोळे, दुकानासाठी घेतले, सोडवून परत देणे.’ तारीख आहे. खाली कृष्णात चौगले.”

स्नेहलला हे ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी ती बँकेतून येऊन अंथरुणावर पडली होती, आणि खाली दुकानात बसून आण्णांनी हे लिहिलं असणार. कुणी मागितलेलं नसताना त्यांनी आयुष्यात एकदाच कागदावर सही केली, ती तिच्यासाठी. आण्णांचे कान लाल झाले होते. “ते घरातलं हाय, त्यात काय बघायचं,” असं म्हणून त्यांनी हात लांब करून स्वतःच पान उलटलं.

शेवटी बाईंनाच काम दिलं, कारण उरलेले दोघे जेवून गेले होते. एका नोटिशीचे दीड हजार. गणपतकाकांनी त्रेचाळीस नोटिसांचा ठोक भाव विचारला. बाईंनी दिला नाही. यादी नक्की करून कळवा, एवढं सांगून त्या गेल्या.

यादी नक्की करायला गुरुवार उजाडला. स्नेहलनं त्रेचाळीस नावं छापून आणली आणि सगळे दुकानातच बसले, पोत्यांवर. तिनं पहिलं नाव वाचलं आणि आण्णांनी हात वर केला.

“ते खोड.”

“आण्णा, सहा लाख आहेत.”

“असू देत. लेकीच्या सासऱ्याला नोटीस धाडतं का कोन? उद्या त्यांनी क्रांतीला एक शब्द बोलला तर मी तोंड कुठं लपवू?” आण्णांना हे मनापासून वाटत होतं. “माजी पोरगी तितं नांदती, स्नेहल.”

स्नेहलच्या ओठांवर आलं, की मी पण कुणाचीतरी पोरगी आहे आणि इथं नांदते. पण तिनं नाव खोडलं.

मग काय, वाटच मोकळी झाली. आक्कांनी एकामागोमाग आठ नावं खोडायला लावली, त्यातल्या पाचजणांशी त्यांच्या सासरचा संबंध होता आणि तिघांशी नव्हता, पण होऊ घातला होता. गणपतकाकांनी बारा खोडली. सोसायटीची निवडणूक पुढच्या वर्षी आहे, आणि गेल्या वेळी कमी पडलेले अकरा तर यातच आहेत, असं त्यांचं गणित. आदर्शनं फोनवरून आपल्या दोन वर्गमित्रांची नावं सांगितली. पृथ्वीराजचा फोन आला, त्याच्या वस्तादाचं नाव असेल तर काढून टाका म्हणाला, ते काढलं. ज्ञानूतात्या स्वतः येऊन बसले होते, त्यांचं नाव त्यांच्यासमोर वाचायचं कुणी धाडस केलं नाही. पुजाऱ्याचं खोडलं, कारण पुजारी. डॉक्टरांच्या कंपाउंडरचं खोडलं, कारण उद्या आजारी पडलो तर. एक माणूस वारला होता, त्याचं नाव खोडताना आक्कांनी डोळ्यांना पदर लावला. जिवंत होता तेव्हा त्यांनीच त्याला लबाड म्हटलं होतं. बाकीची चौदा अशीच कुणाच्या ना कुणाच्या भिडेनं गेली.

मधेच स्नेहलनं धीर करून सगळ्यांना सांगितलं की तीस तारखेला तिचं सोनं लिलावात जाणार आहे. कुणी नाही म्हणालं नाही, सगळ्यांना माहीतच होतं. गणपतकाकांनी तिला हिशोब समजावला. दोन वर्षांत सोनं दुपटीच्या घरात गेलं आहे. बँक आपले कापून घेईल आणि वरचे तिला परत देईल, तेव्हा लिलाव झाला तर तिचा फायदाच आहे. आदर्श तांब्यावरून म्हणाला, “बघ की स्नेहल, थोडं ॲडजस्ट कर, पुढं आपण नवीन करू.” तिनं हात लांब करून फोन पालथा घातला आणि नेटवर्क गेल्याचं सांगितलं.

दुपारी एक वाजता यादीत एक नाव उरलं. गुंडू. वीसेक वर्षांपूर्वी कारखान्यावर कामाला म्हणून कुठूनतरी आला आणि फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकून राहिला. एक म्हैस. गाव कुठलं, आई कुठली, आक्कांनासुद्धा सांगता येत नव्हतं. येणं दोन हजार तीनशे पन्नास.

“ह्याला धाडा नोटीस,” गणपतकाका मांडीवर थाप मारून म्हणाले. “कायदा म्हंजे कायदा.”

नोटीस गेली. तिसऱ्या दिवशी गुंडू दुकानात आला, हातात नोटिशीचा कागद आणि रुमालात बांधलेले पैसे. दोन रात्री डोळा लागला नाही म्हणाला. पोलीस येणार का, म्हैस नेणार का, असं तो स्नेहलला विचारत होता आणि ती मान खाली घालून नोटा मोजत होती. पैसे त्यानं भिशीतून उचलले होते. तिनं पावती दिली, आणि तिला वाटलं की आपण एखाद्याच्या ताटातली भाकरी ओढून घेतली. तो गेल्यावर गणपतकाकांनी पेढे मागवले. दीड हजार वकिलाचे, साडेतीनशेचे पेढे. वसुलीला सुरुवात झाली, असं त्यांनी पेढा तोंडात ठेवून जाहीर केलं. आक्कांनी एक पेढा देवापुढं ठेवला आणि एक पिराजीरावांकडं जाणाऱ्या टेम्पोत, महिन्याच्या आठ पोत्यांबरोबर, क्रांतीसाठी पाठवला.

त्या टेम्पोकडं बघताना स्नेहलनं काय ते ठरवलं. लिलावाला सतरा दिवस राहिले होते.

कोर्ट बावड्यातच. स्कूटरवर पाच मिनिटं लागली. सुष्मिताबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि दोनदा विचारलं की नक्की ना. नवऱ्याला सांगितलंय? स्नेहल म्हणाली, त्यांना सांगितलं की ते ॲडजस्ट करा म्हणतात. बाईंनी वहीच्या त्या पानाचा फोटो रविवारीच काढून ठेवला होता. फी किती, म्हणून स्नेहलनं पर्स उघडली, तर बाई म्हणाल्या की नेहमीचीच, दीड हजार, सवलत नाही. का कोण जाणे, पण स्नेहलला ते फार बरं वाटलं.

पाकीट मंगळवारी दुपारी आलं. सगळे पानावर बसले होते. गणपतकाकांना वाटलं, गुंडूच्या नोटिशीची काही प्रत असेल, म्हणून त्यांनी डाव्या हातानं पाकीट फोडलं आणि निवडणुकीच्या आवाजात वाचायला घेतलं. “आमचे अशील सौ. स्नेहल आदर्श चौगले यांच्या वतीनं...” इथपर्यंत आवाज चांगला होता. मग तो खाली खाली येत गेला आणि ‘आपण स्वहस्ते लिहून व सही करून मान्य केलेले अकरा तोळे सोने पंधरा दिवसांत सोडवून न दिल्यास’ इथं आला तेव्हा तो ओठातल्या ओठात राहिला.

“कुनाला आलीया?” आक्कांनी विचारलं.

“मला,” आण्णा म्हणाले. “वाच गणपत, पुरं कर.”

पुरं झाल्यावर आक्कांनी पान पुढं सरकवलं. घरातल्या घरात वकील घातला, आता हिच्या हातचं पाणी कसं प्यायचं, अशी त्यांनी सुरुवात केली आणि त्या पुष्कळ बोलल्या. आण्णा आता उठून जातील, कदाचित कायमचे बोलायचे बंद होतील, असं स्नेहलला वाटत होतं, आणि या घरात तिला खरी माया होती ती त्यांचीच.

“आक्का, नात्यातल्या माणसाकडं मागायचं नसतं म्हणून तुम्हीच सांगितलंत,” ती म्हणाली. “म्हणून मी दोन वर्षं मागितलं नाही. मागायला बाई लावली.”

आण्णांनी हात धुतला. मग त्यांनी फोन काढला आणि क्रांतीला लावला. आण्णांचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यांना कानाला लावून ऐकायला येत नाही. त्यांनी लेकीला आडपडदा न ठेवता सांगितलं की मला सुनेची नोटीस आली आहे, पैसे उभे करायला पाहिजेत, तुझ्या सासऱ्यांकडचे मागावे लागतील. तू तिथं राहतेस, तुला त्रास होणार असेल तर तसं सांग, मी दुकान विकतो पण मागत नाही.

पलीकडं क्रांतीनं दार लावल्याचं ऐकू आलं.

“आण्णा, हितं त्याला कुनी उधारी म्हणत न्हाय,” ती म्हणाली. “खाद्य लेकीबरोबर आलंय म्हणत्यात. लग्नात ठरलंतं असं समजत्यात सगळी. परवा मामंजींनी धाकट्या जाऊबाईंच्या वडिलांना बोलावून घेतलं, आणि क्रांतीच्या बापागत तुम्हीबी म्हैन्याला काय ते धाडा म्हणून सांगितलं. ती पोरगी आठ दिवस रडतीया. माज्याशी बोलत न्हाय.”

आण्णा उभे होते ते पेंडीच्या पोत्यासारखे खाली बसले. गणपतकाकांनी ताटातला कांदा पुन्हा ताटात ठेवला.

“पाच वर्षं झाली,” क्रांतीचा आवाज फुटला. “मला वाटलंतं, तुमीच ठरवून देताय.”

“न्हाय गं बाळ,” आण्णा म्हणाले. फोन त्यांच्या हातात कधी बंद झाला ते कुणाला कळलं नाही. आक्कांनी चार तालुक्यांतली नाती आयुष्यभर तोंडपाठ ठेवली होती, त्या आता पुढं पडलेल्या नोटिशीच्या कागदाची घडी घालत बसल्या. कुणीतरी पंखा बंद केला. खाली दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं.

स्नेहल पाणी घेऊन आली. आण्णांनी तिच्या हातून तांब्या घेतला, वरून अर्धा प्याले आणि अर्धं पाणी तोंडावर मारलं.

“तुज्या वकीलबाईला फोन लाव,” ते म्हणाले. “माजी नोटीस बरोबर हाय म्हणावं. पंधरा दिवस बास झालं. आता आपली एक धाडायची, पयली.”

तिनं लॅपटॉप उघडला आणि लिहायला घेतलं. श्री. पिराजीराव, मुक्काम बिद्री. पुढं काय घालायचं, व्याही म्हणून काही घालायचं का, असं तिनं विचारलं.

“नातं लिहू नगंस,” आण्णा म्हणाले. “रक्कम लिही. अक्षरात.”